नाझी सक्तश्रम आणि मराठी शब्दव्यवहार : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या छळासंबंधी मराठी वाचकाच्या परिचयाची दोन पुस्तके आहेत. वि. ग. कानिटकर यांचा 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हा ग्रंथ शीर्षकापासूनच सत्ताधीशाकडे लक्ष वेधतो. ॲन फ्रँकच्या रोजनिशीचा मराठी अनुवाद लपून राहिलेल्या कुटुंबाच्या घरात नेतो. या रोजनिशीतील अखेरची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. ४ ऑगस्टला अटक झाल्यानंतर वेस्टरबोर्क छावणीत ॲनला जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामाला जुंपण्यात आले. ही राबणारी ॲन रोजनिशीत येऊच शकत नाही. सत्ताधीश आणि लपलेले घर यांच्यामध्ये असलेला कारखाना वाचकाच्या नजरेआड राहतो. त्याला नेमके नाव देण्यात मराठी शब्द कोठे अपुरे पडतात, याची चिकित्सा येथे केली आहे.

'छळछावणी' या शब्दाची मर्यादा :
मराठीत रूढ झालेला हा शब्द क्रौर्य अचूक सांगतो, परंतु भिन्न व्यवस्थांतील भेद पुसून टाकतो. ट्रेब्लिंका येथे आणलेल्या बहुसंख्य ज्यूंना काही तासांतच ठार मारले जाई. आउशवित्झमध्ये मात्र गाडीतून उतरताच काम करू शकणारे आणि न शकणारे अशी निवड होत असे. तेथील मोनोवित्झ छावणी १९४२ मध्ये आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या कारखान्यासाठी उभारली गेली. कुशल कैद्यामागे दररोज चार मार्क व अकुशल कैद्यामागे तीन मार्क कंपनी एस.एस. संघटनेला देई, कैद्याला काहीच मिळत नसे. येथे छळामागे हिशेबाची वही होती. 'छळ' या शब्दातून ती वही दिसत नाही.

'सक्तमजुरी' व 'वेठबिगार' :
'सक्तमजुरी' हा न्यायालयीन शब्द आहे. त्यात गुन्हा व शिक्षेची मुदत गृहीत असते. ज्यूंच्या बाबतीत गुन्हाही नव्हता आणि मुदतही नव्हती. २६ ऑक्टोबर १९३९ च्या हुकुमाने व्याप्त पोलंडमधील ज्यूंवर केवळ ज्यू म्हणून श्रमाची सक्ती लादली गेली.

'वेठबिगार' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. देवरूख परिसरासह रत्नागिरी जिल्ह्याला खोतीचा इतिहास आहे. खोताच्या शेतावर कुळाने विनामोबदला राबणे, हा या शब्दाचा येथील अनुभवसिद्ध अर्थ होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. तथापि, कुळ जगले तरच खोताचे उत्पन्न चालणार होते. याचा अर्थ वेठ सौम्य होती असा नव्हे. परंतु कुळाचा मृत्यू हे तिचे उद्दिष्ट नव्हते. २० जानेवारी १९४२ च्या वानझे बैठकीच्या इतिवृत्तात याउलट विचार आढळतो : ज्यूंना पूर्वेकडे कामाला लावावे, त्यात बहुतेकांची 'नैसर्गिक घट' होईल आणि जे उरतील त्यांचीही वासलात लावावी. कोठारातील धान्याच्या तुटीसाठी शोभणारा शब्द माणसांसाठी वापरला गेला. श्रम हेच येथे मारण्याचे साधन होते. हा अर्थ 'वेठबिगार' पेलू शकत नाही.

समारोप :
कोकण किनाऱ्यावर, विशेषतः अलिबाग परिसरात, तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलींना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. या नावात ज्यू माणसाचे श्रम आहेत आणि त्याचा विसावाही आहे. शेजाऱ्यांनी दोन्हींची नोंद घेतली. मोनोवित्झमध्ये नावाच्या जागी हातावर गोंदलेला क्रमांक आला, शनिवार गेला आणि केवळ श्रम उरले. म्हणून लेखकांनी व अनुवादकांनी 'श्रमछावणी' आणि 'संहारछावणी' हे शब्द वेगळे वापरावेत. जेथे श्रमातूनच संहार झाला, तेथे तसे स्पष्ट लिहावे. शब्द नेमका नसेल तर भस्मासुर तेवढा लक्षात राहतो. हिशेबाची वही लिहिणारे हात सुटून जातात.