मोटारीतले बेन्झीन आणि चौरस फुटाचे गणित

मोटारीत बसताच वातानुकूलन यंत्र लावू नका, आधी काचा उघडा. डॅशबोर्ड व आसनांच्या प्लॅस्टिकमधून बेन्झीन बाहेर पडते आणि त्याने कर्करोग होतो, असा इशारा देणारा एक मजकूर गेली पंधराहून अधिक वर्षे हातोहाती फिरतो आहे. अंधेरीसारख्या उपनगरात, जिथे गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात, तो चटकन पटतो. म्हणूनच तो वर्गात तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते.

या मजकुरानुसार बंद जागेतील बेन्झीनची 'मान्य पातळी' चौरस फुटाला ५० मिलीग्रॅम आहे. येथेच थांबायला हवे. हवेतील वायूचे प्रमाण घनफळावर सांगतात, क्षेत्रफळावर नव्हे. लिहिणाऱ्याला घनफूट म्हणायचे होते, असे मानू. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५.३ घनफूट असतात. म्हणजे ही पातळी घनमीटरला १,७६५ मिलीग्रॅम झाली. भारतात २००९ साली बाहेरच्या हवेसाठी ठरवलेली वार्षिक सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. 'मान्य' आकडा तिच्या साडेतीन लाख पट भरतो!

पुढे म्हटले आहे की, तापमान ६० अंश फॅरनहाइटच्या वर असताना उन्हातल्या गाडीत २,००० ते ४,००० मिलीग्रॅम बेन्झीन साचते. ६० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १६ अंश सेल्सिअस. अंधेरीत दुपारचा पारा बाराही महिने याहून वर असतो.

प्रत्यक्ष मोजमाप काय सांगते? म्युनिकच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तापवलेल्या नव्या गाडीत सर्व बाष्पनशील कार्बनी संयुगे मिळून घनमीटरला १०.९ मिलीग्रॅम भरली. तीन वर्षे जुन्या गाडीत १.२. आतील जागा तीन घनमीटर धरली, तरी नव्या गाडीतले हे सारे मिळून ३३ मिलीग्रॅमच होते. शिवाय मोटारीतल्या बेन्झीनचा मोठा वाटा पेट्रोल आणि धुराचा असतो. स्वामी विवेकानंद मार्गावर वाहतूक तुंबलेली असताना काच उघडली, तर ते आत येण्याचीच शक्यता अधिक.

याचा अर्थ प्लॅस्टिक निर्दोष आहे असा नव्हे. चीनमध्ये उन्हात उभ्या केलेल्या नव्या गाडीत फॉर्माल्डिहाइड तेथील मर्यादेबाहेर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. २०२४ साली अमेरिकेतील १०१ गाड्यांच्या पाहणीत, आसनांच्या फोममधील आगरोधक रसायने आतल्या हवेत आढळली, आणि उन्हाळ्यात त्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. तापमान वाढले की बाष्पीभवन वाढते, हे आपण शिकवतोच. दिवसभर गाडीतच बसणाऱ्या टॅक्सीचालकांच्या दृष्टीने हा प्रश्न खरा आहे. खोट्या आकड्यांच्या गदारोळात तोच मागे पडतो.

तापलेल्या गाडीच्या काचा थोडा वेळ उघडाव्यात, हा सल्ला योग्यच आहे. त्यासाठी दिलेले कारण मात्र तपासात टिकत नाही. विद्यार्थ्यांना मजकूर देऊन तीन प्रश्न विचारावेत: एकक कोणते, मोजले कोणी, आणि किती तापमानाला?