‘मिस्टर इंडिया’ : पुनर्दर्शन

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा आमच्या बालपणीचा ठेवा. नुकताच तो पुन्हा पाहिला. अदृश्य करणारे मनगटी यंत्र आणि तांबड्या प्रकाशात मात्र दिसणारा नायक अरुण, ही सलीम-जावेद यांची कल्पना आजही पक्की वाटते. शास्त्र बेताचेच. मधली गाणी लांबतात.

आम्हांस थांबविले ते मारुतीच्या प्रसंगाने. मूर्तींवर डोळा ठेवणाऱ्या परदेशी तस्करास मूर्तीच बडविते आणि बजरंगबलीचा जयजयकार करावयास लावते. ही देवाची थट्टा, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे, तिच्या नावे मालमत्ता असते. पण दावा लावावयास तिला मनुष्याचाच हात लागतो. येथेही मूर्तीमागे अरुणचाच हात आहे. भेद इतकाच, की न्यायालयात देवाच्या वतीने उभा राहणारा नाव सांगून उभा राहतो. त्यास प्रश्न विचारता येतात, गैर वागल्यास दूरही करता येते. अदृश्य हातास कोण विचारणार? एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीतील अदृश्य मनुष्य त्याच मोकळिकीत बिघडला. अरुण बिघडत नाही, कारण घरी अनाथ मुले त्याची वाट पाहत असतात. त्यांतलीच चिमुरडी टीना बॉम्बस्फोटात जाते, आणि यंत्र असूनही तो तिला वाचवू शकत नाही. मुलांच्या चित्रपटात हे मरण ठेवण्याचे धैर्य लेखकद्वयाने दाखविले, ते आम्हांस मोगँबोच्या साऱ्या थाटाहून मोलाचे वाटते.