पुढच्या भागाची वाट

‘लाइफ इज स्ट्रेंज’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग 30 जानेवारी 2015 रोजी आला आणि पाचवा, शेवटचा भाग यायला 20 ऑक्टोबर उजाडला. मधल्या पावणेनऊ महिन्यांत खेळणाऱ्यांच्या हाती होती ती एक अर्धवट गोष्ट. अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावरचं आर्केडिया बे हे काल्पनिक गाव, तिथल्या शाळेत फोटोग्राफी शिकायला आलेली अठरा वर्षांची मॅक्स कॉलफिल्ड, काळ थोडासा मागे नेण्याची तिला अचानक गवसलेली शक्ती, बऱ्याच वर्षांनी भेटलेली निळ्या केसांची मैत्रीण क्लोई, बेपत्ता झालेली रेचल अँबर आणि गावावर चालून येणारं वादळ. प्रत्येक भाग संपला की पडद्यावर आकडे यायचे : अमुक प्रसंगी तुम्ही काय केलंत, आणि इतर खेळणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी तेच केलं. त्यानंतर दोन-तीन महिने काही नाही. आपण जे केलं ते बरोबर होतं का, एवढा एकच प्रश्न सोबत राहायचा.

गोष्टीच्या जोरावर चालणारे, अद्भुताची किंवा भुताटकीची छाया असलेले, किशोरवयीन मुलामुलींचे साहसी खेळ हा प्रकार गेल्या दहा-बारा वर्षांत चांगलाच रुजला. त्याच्याबद्दल लिहिताना चित्रं, संगीत, पात्रं यांची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्याइतकंच महत्त्वाचं असून बाजूला राहतं ते वाट पाहणं. या खेळांत वाट पाहणं हा रचनेचाच भाग आहे, आणि अलीकडे ते गोष्टीच्या आतून उचलून गोष्टीच्या बाहेर, प्रकाशनाच्या आधी नेऊन ठेवलं गेल्यामुळे या कलेचं नुकसान झालं आहे, असं माझं मत आहे. सोळा-सतरा वर्षांचं वय हे मुळातच वाट पाहण्याचं. निकालाची, गाव सोडून जाण्याची, कुणाच्या तरी उत्तराची, आपण कोण होणार हे एकदाचं कळण्याची वाट. आणि भूत म्हणजे तरी काय? जे संपायला हवं होतं पण संपलं नाही, ते. एकाला भविष्य हाताशी लागत नाही, दुसऱ्याला भूतकाळ सोडत नाही. हे दोघं एका गोष्टीत आले की गोष्टीचा खरा विषय काळ हाच होतो. त्या वयाचं ओझं घटना जितक्या दाखवतात, त्याहून अधिक घटनांमधला अवकाश दाखवतो. म्हणूनच हे खेळ घाईने सांगितले की मरतात.

मॅक्सच्या शक्तीकडे नीट पाहिलं तर हे लक्षात येतं. ती काही क्षण मागे जाऊ शकते. एखादं वाक्य बोलून पाहायचं, समोरच्याचा चेहरा पाहायचा, पटलं नाही तर मागे जाऊन दुसरं बोलायचं. म्हणजे लगेचच्या परिणामाबद्दल खात्री मिळते. पण आठवड्याने त्याचं काय होईल हे तिला दिसत नाही, खेळणाऱ्यालाही दिसत नाही. जवळचं स्पष्ट आणि लांबचं अंधुक, अशी ही दृष्टी त्या वयाच्या मनाशी तंतोतंत जुळते. केट मार्श या मुलीचा प्रसंग याची कसोटी आहे. एका पार्टीतल्या व्हिडिओमुळे तिची शाळेत बदनामी झालेली असते. पहिल्या भागात शाळेचा सुरक्षारक्षक तिला दरडावत असताना मॅक्स मध्ये पडू शकते किंवा लांबून फोटो काढू शकते. दुसऱ्या भागात मॅक्स हॉटेलात क्लोईसोबत बसलेली असताना केटचा फोन येतो. तो घेता येतो, तसाच वाजूही देता येतो. बाथरूमच्या आरशावर कुणीतरी त्या व्हिडिओचा पत्ता लिहून ठेवला आहे. तो पुसायची सक्ती नाही. तिच्या खोलीत घरच्यांचे फोटो आहेत, ते पाहिलेच पाहिजेत असंही नाही. मग केट वसतिगृहाच्या गच्चीच्या कठड्यावर उभी राहते आणि नेमकी तेव्हाच मॅक्सची शक्ती संपते. आता मागे जाणं नाही. आधी कुठेतरी सहज पाहिलेल्या, सहज केलेल्या गोष्टी आठवून बोलायचं, एकदाच. तो फोन घेतला होता की नाही, हे इथे केटला आठवतं.

हा प्रसंग दारुण आहे म्हणून मोठा नाही. दारुण प्रसंग लिहिणं सोपं असतं. खेळ पहिल्या दोन भागांत मूठभर क्षुल्लक कृती आपल्या खात्यावर मांडत गेला, त्यांचा हिशेब कधी होणार हे त्याने सांगितलं नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या भागांच्या मधल्या सात-आठ आठवड्यांत आपणही त्या विसरलो. ही मोठी गोष्ट आहे. वाट पाहण्याचा काळ इथे विसरण्याचाही काळ आहे, आणि विसरण्याला परिणाम असतात हे त्या गच्चीवर कळतं.

दुसऱ्या टोकाला ‘ऑक्सनफ्री’. जानेवारी 2016 मध्ये आलेला नाइट स्कूल स्टुडिओचा हा खेळ भागांत विभागलेला नाही. अलेक्स, तिचा नवा सावत्र भाऊ जोनस आणि आणखी तीन मुलं एका रात्रीसाठी एडवर्ड्स आयलंडवर जातात. लष्कराने सोडून दिलेलं हे बेट. अलेक्सजवळ एक छोटा रेडिओ आहे. त्याची खुंटी फिरवत खरखरीतून नेमकी लहर पकडायची, एवढंच तिचं शस्त्र. लहर जुळली की पडदा थरथरतो आणि बुडालेल्या पाणबुडीतल्या माणसांचे आवाज आत शिरू लागतात. पण या खेळाची खरी करामत संवादात आहे. मुलं चालता चालता बोलत राहतात, आणि अलेक्सच्या डोक्यावर उत्तरांचे तीन बुडबुडे उमटतात. ते फार वेळ थांबत नाहीत. निवडायला उशीर झाला की विरून जातात आणि अलेक्स गप्प राहिली असं धरलं जातं. लवकर निवडलं तर समोरच्याचं बोलणं मध्येच तुटू शकतं. घोळक्यात बोलताना कधी तोंड उघडायचं आणि कधी नाही, ही त्या वयातली रोजची परीक्षा इथे नियम बनून आली आहे. इथे वाट पाहायची ती काही सेकंदांची, पण गप्प राहिल्याचा अर्थ लावणारी माणसं समोर उभी आहेत. शेवटी अलेक्स पुढे काय झालं ते सांगू लागते आणि तिचं सांगणं खरखरीत अडकून पुन्हा त्याच सहलीच्या सुरुवातीला येऊन पोचतं. बेटाने तिला सोडलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की भाग पाडणं ही शुद्ध धंद्याची तजवीज होती, तिला उगाच कलेचा मान कशाला द्यायचा? पहिल्या भागाच्या विक्रीतून पुढच्याचा खर्च निघतो, म्हणून भाग. हे खरं आहे. त्याची किंमतही दिसली आहे. ‘द वॉकिंग डेड’च्या 2012 मधल्या पाच भागांनी ही पद्धत गाजवणाऱ्या टेलटेल कंपनीने सप्टेंबर 2018 मध्ये सुमारे अडीचशे माणसं एका दिवसात कमी केली, तेव्हा याच मालिकेच्या शेवटच्या पर्वाचे दोन भाग उरले होते. ते पुढे दुसऱ्या कंपनीने 2019 मध्ये पूर्ण केले. पण धंद्याच्या गरजेतून आलेला आकार कलेला उपयोगी पडत नाही, असं कुठे आहे? मराठी वाचकाला तर हे सांगायला नको. हरिभाऊ आपटे 1890 पासून ‘करमणूक’ काढत होते, ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्या साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आली. अंक चालवायचा होता म्हणून प्रकरणं पाडली गेली, आणि आठवडाभर लांबलेल्या त्या दुःखानेच कादंबरीची नायिका यमू हिच्याशी वाचकाची ओळख घट्ट केली. प्रश्न आकार कुठून आला हा नसून त्याचं पुढे काय केलं हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. या खेळांत निवड खोटी असते, असं म्हणतात. कितीही वेगवेगळं वागलं तरी ‘लाइफ इज स्ट्रेंज’च्या अखेरीस दोनच वाटा उरतात, क्लोई किंवा गाव, आणि आधीचं बरंचसं पुसलं जातं. मग वाट कशाची पाहायची? शेवटाची रचना थोडी कच्ची आहे, हे मान्य. पण शेवट किती आहेत यावर निवडीचं मोल ठरत नाही. अखेरच्या प्रसंगात कड्यावर उभी असलेली मॅक्स केटला वाचवू शकलेली आहे की नाही, क्लोईशी ती किती वेळा खोटं बोलली, हे सगळं तिथे पोचताना सोबत असतं. एकाच दारातून आत जाणारी माणसं वेगवेगळी असू शकतात. याला जोडूनच तिसरी शंका येते : आज पाचही भाग एका बैठकीत खेळणाऱ्याला ही मधली पोकळी मिळतच नाही, तर युक्तिवाद तिथेच संपत नाही का? संपत नाही, कारण चांगल्या खेळात पोकळी आतही असते. मॅक्स बाकावर बसू शकते, पलंगावर पडून राहू शकते. ती बसली की कॅमेरा हळूहळू दूर जातो, सिड मॅटर्स या बँडचं गिटार वाजत राहतं, ती मनाशी बोलते, आणि आपण उठवेपर्यंत गोष्ट तसूभरही पुढे सरकत नाही. खेळाच्या भाषेत या बसण्याचा काडीचाही फायदा नाही. तरी लोक बसतात.

इथून पुढची वाटचाल मात्र चिंतेची. ‘लाइफ इज स्ट्रेंज 2’चे पाच भाग सप्टेंबर 2018 ते डिसेंबर 2019 असे रेंगाळले. सिअॅटलहून मेक्सिकोकडे निघालेल्या शॉन आणि डॅनियल या दोन भावांची ती गोष्ट, माझ्या मते, पहिलीपेक्षाही धीट आहे. पण दर भागात गाव नवं, माणसं नवी, आणि मध्ये तीन-चार महिने. मन गुंतायला जागाच राहिली नाही. याच मालिकेतल्या 2021 च्या ‘ट्रू कलर्स’ने मग सगळं एकदमच हाती दिलं. ते सुसह्य होतं, नेटकं होतं, पण त्यात कोडं सुटेपर्यंत मनात वागवण्यासारखं फारसं काही नव्हतं. ऑक्टोबर 2024 च्या ‘डबल एक्स्पोजर’ने तर वाट पाहणंच विकायला काढलं : जास्त पैसे मोजणाऱ्यांना पहिली दोन प्रकरणं दोन आठवडे आधी. या गोष्टीची उत्सुकता कशावर उभी होती? मॅक्स परत येते आहे, यावर. म्हणजे पुढे काय होईल या ओढीची जागा जुनं पुन्हा भेटेल या ओढीने घेतली. दोन्ही ओढी खऱ्या आहेत, पण दुसरीत खेळणाऱ्याला काही करायचं उरत नाही. तिची पूर्तता नाव जाहीर झालं तेव्हाच झालेली असते, आणि नंतर हाती येतो तो बहुधा अपेक्षाभंग. क्लोईचं पुढे काय झालं हे ज्या तऱ्हेने उरकलं गेलं, त्यावरचा चाहत्यांचा राग याच जातीचा होता.

उत्सुकता प्रकाशनाआधी निर्माण करूच नये, असं मात्र नाही. ती कशी करायची याचे दोन सुंदर दाखले आहेत. ‘नाइट इन द वुड्स’साठी 2013 मध्ये लोकवर्गणीतून दोन लाख डॉलरांवर रक्कम जमली आणि खेळ यायला फेब्रुवारी 2017 उजाडला. दरम्यान कर्त्यांनी दोन छोटे खेळ दिले. त्यांतला ‘लॉस्ट कॉन्स्टेलेशन’ म्हणजे नायिकेला तिच्या आजोबांनी लहानपणी सांगितलेली भुताची गोष्ट. म्हणजे मोठ्या खेळाची वाट पाहणाऱ्यांना त्या गावाची दंतकथाच आधी मिळाली. दुसरा दाखला 2021 चा. ‘ऑक्सनफ्री 2’ जाहीर झाला तेव्हा नाइट स्कूलने पाच वर्षं जुन्या पहिल्या खेळात गुपचूप नवे संकेत घातले. परत बेटावर जाऊन तीच खुंटी फिरवली तर पूर्वी नसलेला आवाज लागायचा. दुसरा खेळ लांबत लांबत जुलै 2023 मध्ये आला, पण त्याची चाहूल त्याच्याच जगातून, त्याच्याच साधनाने लागली होती.

म्हणून 2025 मधला ‘लॉस्ट रेकॉर्ड्स : ब्लूम अँड रेज’ मला या सगळ्यात आशेचा वाटतो. पहिल्या ‘लाइफ इज स्ट्रेंज’चे एक दिग्दर्शक मिशेल कॉक यांचाच हा खेळ, तो पहिला खेळ करणाऱ्या डोंटनॉड कंपनीच्या माँट्रियल शाखेत घडलेला. 1995 च्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या एका गावात चार मुली एकत्र येतात, जंगलात काहीतरी घडतं, आणि पुन्हा कधी न भेटण्याची शपथ घेऊन त्या पांगतात. सत्तावीस वर्षांनी त्या पुन्हा भेटतात. खेळ दोन ‘टेप’मध्ये आला, पहिली 18 फेब्रुवारीला आणि दुसरी 15 एप्रिलला. आठ आठवड्यांची ही फट पूर्वीसारखी नाइलाजाची वाटत नाही. गोष्टीतल्या बायका सत्तावीस वर्षं जे टाळत आल्या, त्याच्या उंबरठ्यावर खेळणाऱ्याला थांबवलेलं आहे. चौघींतल्या सोळा वर्षांच्या स्वॉनच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आहे. ती पक्षी, मोडकी घरं, मैत्रिणींचे चेहरे टिपत राहते, आणि काय टिपायचं हे बहुतांशी आपल्यावर असतं. बोलतानाही लगेच उत्तर द्यायची घाई नाही. थांबलं, इकडेतिकडे पाहिलं, की नवं उत्तर सुचतं. पहिली टेप संथ आहे अशी तक्रार झाली. मला तो संथपणाच तिचा प्राण वाटतो. जंगलातल्या त्या जांभळ्या उजेडाच्या विवराची भीती वाटावी, तर आधी या मुलींसोबत काही न घडणाऱ्या दुपारी काढायला हव्यात.

पण असा संथपणा महाग असतो. केटचा फोन घेतला तर एक संवाद, न घेतला तर गच्चीवर त्याचा दुसरा पडसाद. ती वाचली तर चौथ्या भागात इस्पितळातली भेट, नाहीतर त्या भागात तिची नुसती अनुपस्थिती. प्रत्येक फाट्याला दोन्हीकडचं कुणीतरी लिहायचं, कुणीतरी बोलायचं, आणि निम्म्या खेळणाऱ्यांना ते कधी दिसणारही नाही. 2024 मध्ये ‘ट्रू कलर्स’ आणि ‘डबल एक्स्पोजर’ करणाऱ्या डेक नाइनने दोनदा माणसं कमी केली, आणि त्याच वर्षी डोंटनॉडनेही फेररचनेत अनेक जागा कमी करायचं जाहीर केलं. न उचललेल्या फोनचा पडसाद लिहिणारी माणसं याच जागांवर बसलेली होती.