वॉल्टनांच्या घरातला थोरला

स्कायलर गावात डोंगरच नाही, ही तक्रार मी तिथे अर्ध्या तासात तिघांच्या तोंडून ऐकली. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलच्या दक्षिणेला, नेल्सन काउंटीत हे छोटे खेडे आहे. टेकड्या आहेत, झाडी आहे, पण ‘द वॉल्टन्स’ मालिकेत घराच्या पाठीशी उभा असतो तसा डोंगर काही दिसत नाही. दिसणार कुठून? तो कॅलिफोर्नियात, बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओमागे आहे. गावातल्या जुन्या शाळेत १९९२ साली वॉल्टन्सचे संग्रहालय उघडले, त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. मालिकेतले स्वयंपाकघर, जॉन-बॉयची खोली, आइक गॉडसीचे दुकान असे सगळे तिथे हुबेहूब मांडून ठेवले आहे. लोक येतात, त्या खोट्या स्वयंपाकघरासमोर उभे राहून खरे डोळे पुसतात, आणि बाहेर येऊन विचारतात की डोंगर कुठे आहे.

आमच्या मंडळाची पानगळीची सहल शेनँडोआला गेली होती, तेव्हा वाट वाकडी करून इथे यायचा हट्ट दोघांचा होता. एक मी, आणि दुसरे मंडळाचे सर्वांत जुने सभासद, ज्यांना लहानथोर सगळे नुसते काका म्हणतात. काका १९७४ साली अमेरिकेत आले. तिघांत मिळून घेतलेला एक जुना कृष्णधवल टीव्ही, आणि गुरुवारी रात्री आठ वाजता वॉल्टन्स. “गुरुवार दत्ताचा, हे घरी पत्रात लिहायचं,” काका म्हणाले, “प्रत्यक्षात आमचा गुरुवार वॉल्टनांचा.” मी आलो तीस वर्षांनी, पीएच.डी. करायला, आणि ही मालिका केबलवरच्या पुनःप्रक्षेपणात, प्रबंधाचे काम अडले की पाहिली. दोघांनाही तीच मालिका आवडावी आणि दोघांची कारणे अजिबात जुळू नयेत, यावरून गाडीत जो वाद झाला त्यातून हा लेख निघाला आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महामंदीच्या काळातले, १९३३ पासून पुढचे व्हर्जिनिया. आजी-आजोबा, आई-वडील आणि सात मुले अशी अकरा माणसे एका छपराखाली. (आमच्या घरी चार माणसांना अडीच बाथरूम आहेत आणि रोज सकाळी भांडण आहे.) वडिलांची लाकडाची गिरणी घरालगतच. थोरला मुलगा जॉन-बॉय, त्याला लेखक व्हायचे आहे. सीबीएसवर सप्टेंबर १९७२ ते १९८१ अशी नऊ पर्वे, दोनशे एकवीस भाग. त्याच सीबीएसने १९७१ साली ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’सारख्या खेड्यातल्या माणसांच्या मालिका, चांगल्या चालत असताना, एका दमात बंद केल्या होत्या. वर्षभरात पुन्हा खेडे, तेही विनोदाशिवाय, आणि समोर एनबीसीवर फ्लिप विल्सन. ही टिकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. १९७३-७४ च्या हंगामात ती प्रेक्षकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर होती.

चाहते जमले की बोलणे कशावर होते ते ठरलेले आहे. आधी आवडता भाग. मग बॉल्डविन भगिनींची ‘रेसिपी’, म्हणजे त्या दोन सोज्वळ म्हाताऱ्यांना आपण दारू गाळतो हे ठाऊक आहे की नाही, यावर हास्यविनोद. आणि शेवटी अंधारात घराच्या खिडक्या एकेक मालवत जातात आणि आवाजांची साखळी चालते, तिथे सगळे एकदम हळवे होतात. असे कुटुंब आता राहिले नाही, असे कोणीतरी म्हणते, आणि बाकीचे माना हलवतात. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १९९२ सालच्या जानेवारीत अमेरिकन कुटुंबांनी सिम्पसन्ससारखे कमी आणि वॉल्टन्ससारखे जास्त व्हावे असे जाहीर सांगितले, तेही याच समजुतीने. सिम्पसन्सवाल्यांनी तीनच दिवसांत उत्तर दिले की आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपायची प्रार्थना करतो आहोत. माझ्या मते त्या दिवशी मालिका जास्त समजली होती ती सिम्पसन्सवाल्यांना.

आदर्श कुटुंबाचे चित्र म्हणून वॉल्टन्स पाहणारे एक गोष्ट कानाआड करतात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक प्रौढ, किंचित खरखरीत, दक्षिणी हेल असलेला आवाज बोलतो. तो मोठेपणीचा जॉन-बॉय, आणि प्रत्यक्षात मालिकेचा जनक अर्ल हॅम्नर स्वतः. त्या घरात काय घडले ते तो सांगतो, म्हणजेच तो आता तिथे नाही. अकरा जणांच्या त्या भरल्या घराची सगळी गोष्ट आपण ऐकतो ती घर सोडून गेलेल्याच्या तोंडून. आपल्याकडे १९८४ साली ‘हम लोग’मध्ये भाग संपला की अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. तो शेजारच्या वडीलधाऱ्याचा आवाज होता, बाहेरून पाहणारा, समजूत घालणारा. हॅम्नरच्या आवाजात समजूत घालण्याचा सूर नाही. त्यात हिशेब चुकता करण्याचा सूर आहे.

हा हिशेब काय होता ते स्कायलरला कळते. हॅम्नर इथेच १९२३ साली जन्मला, आठ भावंडांत थोरला. याच शाळेत शिकला. गाव सोपस्टोनच्या खाणीवर आणि कारखान्यावर जगणारे. मंदीत कारखाना बंद पडला, आणि वडिलांना वेन्सबरोला ड्यूपाँटमध्ये काम धरावे लागले. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार घरी. १९७१ च्या डिसेंबरात दाखवलेल्या ‘द होमकमिंग’ या चित्रपटात, ज्यातून मालिका निघाली, ही परिस्थिती शिल्लक आहे. १९३३ सालची नाताळची आदली रात्र, दूर कामाला गेलेला बाप अजून आलेला नाही, आई थोरल्याला त्याच्या शोधात पाठवते. बाप येईल की नाही, एवढीच गोष्ट. पुढच्याच वर्षी मालिका सुरू झाली आणि बाप घरी आलेला होता, कायमचा. घरालगत गिरणी होती. कोणाला कुठे जायची गरजच उरली नव्हती.

मला ही गिरणी नेहमी खटकत असे. धंद्याने इंजिनिअर, त्यामुळे मनात आकडे फिरतात. मंदीत बांधकामे थंडावलेली, गिऱ्हाईक उधारीवर, आणि एका गिरणीवर अकरा तोंडे. स्कायलरला गेल्यावर माझा आक्षेप विरघळला. ज्या मुलाने लहानपणी दर शनिवारी वडिलांची वाट पाहिली, तो पन्नाशीला आल्यावर, कॅलिफोर्नियात बसून, वडिलांना घरालगत काम काढून देतो. ती गिरणी अर्थशास्त्रातली नव्हेच. त्याच्याच कादंबरीवरचा ‘स्पेन्सर्स माउंटन’ हा चित्रपट १९६३ साली आला होता, हेन्री फोंडा असलेला, आणि त्यात सारे कुटुंब उचलून वायोमिंगला नेऊन ठेवले होते. डोंगर चांगले दिसतात म्हणून. मालिकेत त्याने ते निदान नावाने तरी व्हर्जिनियाला परत आणले.

काकांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, आम्ही त्या तीन जणांच्या खोलीत बसून जे पाहायचो ते आमचे सांगलीचे घर होते. आजी माजघरात करवादते, आजोबा तिला खिजवतात, मुलांची रांग. घरचे पत्र यायला दोन-दोन आठवडे लागत, आणि गुरुवारी तासभर घर दिसे. एवढे पुरे आहे, त्यात निवेदक कशाला शोधतोस? मी म्हटले, काका, त्या तासात तुम्ही घर पाहत नव्हता, निवेदकाच्या जागी बसून घर आठवत होता. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले की पुढच्या एक्झिटला कॉफी घेऊ.

आठवणाऱ्याच्या हातून जे सुटते ते या मालिकेतूनही सुटले आहे, आणि हे चाहत्यांना सांगितलेले आवडत नाही. १९७३ साली दाखवलेला ‘द स्कॉलर’ हा भाग नावाजलेला आहे, लेखनाची एमी त्याला मिळाली. शेजारची व्हर्डी ही कृष्णवर्णीय प्रौढ बाई चोरून जॉन-बॉयकडे लिहा-वाचायला येते. लिन हॅमिल्टनने ती अशी उभी केली आहे की तिच्या ताठ मानेतच तिची लाज दिसते. भाग सुरेख आहे. पण व्हर्डीला वाचता का येत नाही, हा प्रश्न त्या डोंगरावर कोणी विचारत नाही. त्या काळच्या व्हर्जिनियात काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या आणि त्यांच्या वाट्याला येई ते उरलेसुरले. १९२४ च्या कायद्याने वर्णावर्णांतली लग्ने राज्यात गुन्हा होती, ती बंदी मोडली सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी जेमतेम पाच वर्षे. वॉल्टनांच्या टेबलावर सगळ्यांना जागा आहे. टेबलाबाहेरची व्यवस्था चित्रचौकटीत येत नाही.

पण आपण तरी काय करतो? आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत दर गणपतीला एखादा वाडा असतो. ओटी, पडवी, झोपाळा, आजीची गोधडी. मीही लिहिला आहे. आजोबांच्या घरी मागच्या दारी कोनाड्यात एक वेगळी कपबशी उपडी घालून ठेवलेली असे, अंगण झाडायला येणाऱ्या बाईंसाठी. ती माझ्या लेखात नव्हती. लपवायची म्हणून गाळली असेही नाही, ती आठवणीतच झोपाळ्याच्या मागे राहिली. हॅम्नरने निदान व्हर्डीला घरात आणून बसवले, तिला नाव दिले, पुढची कित्येक वर्षे ठेवले. आमच्या झाडणाऱ्या बाईंचे नाव आता घरात कोणालाच सांगता येत नाही.

याच मालिकेला प्रसंगी दातही होते. १९७६ चा ‘द फायर स्टॉर्म’ पाहावा. जॉन-बॉय स्वतःच्या वृत्तपत्रात हिटलरच्या पुस्तकातले उतारे छापतो, लोकांना धोका कळावा म्हणून. गाव त्याच्यावरच उलटते, आणि पाद्रीबुवांच्या पुढाकाराने जर्मन पुस्तकांची होळी पेटते. जॉन-बॉय ढिगातले एक पुस्तक उचलून जर्मन येणाऱ्या शेजारणीला वाचायला देतो. ते बायबल निघते. प्रसंग थोडा बेतलेला आहे, मान्य, पण गोड गोड म्हणून या मालिकेची बोळवण करणाऱ्यांना मी हा भाग दाखवतो.

काकांचे मत असे की पाचव्या पर्वानंतर टीव्ही बंद करावा. १९७७ साली रिचर्ड थॉमसने मालिका सोडली, जॉन-बॉय न्यूयॉर्कला गेला आणि परतला तो, पाहुणा म्हणून एकदोनदा आला ते सोडले तर, दुसऱ्याच नटाच्या चेहऱ्याने. मालिका सैल पडली यात शंका नाही. निवेदकाचा आवाज चालूच राहिला, पण ज्या प्रसंगी तो घरात नव्हता त्यांचीही गोष्ट तोच सांगू लागला. घर सोडलेल्याला घरातले पुढचे कळते ते ऐकीव, आणि ते ऐकीवपण सहाव्या पर्वापासून जाणवते.

माझे अडते ते याच सहाव्या पर्वात. आजीचे काम करणाऱ्या एलन कॉर्बींना नोव्हेंबर १९७६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. बोलणे गेले, शब्द थोडे उरले. मालिकेने आजीला मारले नाही आणि नवी आजीही आणली नाही. आजी आजारी आहे, इस्पितळात आहे, असे दीड वर्ष सांगत राहिले, आणि मार्च १९७८ मध्ये ‘ग्रँडमा कम्स होम’ या भागात कॉर्बी तशाच परत आल्या. अडखळत, चार शब्द मुश्किलीने जुळवत. आधीची पाच वर्षे ही बाई सगळ्या घराला जिभेवर धरून होती, हे लक्षात घ्या. घरचे लोक तिला काही करू देत नाहीत. उठू नको, राहू दे, आम्ही करतो. तिला बोलून दाखवता येत नाही की याचाच तिला त्रास होतो. हा अभिनय कुठे संपतो आणि बाईंचे स्वतःचे कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण, आणि ते सांगायचा प्रयत्न मी करणार नाही.

आमच्या अण्णांना असेच झाले. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला, मोठ्याने बोलणारा माणूस. त्यांच्याकडे ‘असू दे’ एवढे दोनच शब्द उरले. मी रोज रात्री इथून व्हिडिओवर दिसायचो, तिकडे सकाळ असायची. ते तोंड उघडत आणि मी वाक्य पुरे करून टाकत असे. चहा हवाय? पेपर? औषध झालं ना? मला वाटे मी मदत करतो आहे. तो भाग पुन्हा पाहण्यात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि गप्प बसलो. पावणेचार मिनिटे लागली. त्यांना पेरूच्या झाडाबद्दल काही सांगायचे होते. ते काय, ते मला पूर्ण समजले नाही, पण त्या दिवशी ‘असू दे’ त्यांनी म्हटले नाही.

आजोबांचे काम करणारे विल गीअर कॉर्बी परतल्यावर महिन्याच्या आत, एप्रिल १९७८ मध्ये, वारले. पन्नासच्या दशकात काळ्या यादीत टाकले गेलेला, कामाला मोताद झालेला हा नट टोपँगाच्या दरीत झाडे लावून, नाटके करून राहिला होता. सातव्या पर्वाच्या पहिल्या भागात कुटुंब आजोबांच्या थडग्याशी जमते. तिथे आजी आहे. दोघांना पुन्हा एकत्र पडद्यावर पाहायला मिळाले ते त्या एका भागात.

हॅम्नर २०१६ साली लॉस एंजेलिसला वारला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. स्कायलरचे त्याचे जुने घर संग्रहालयाच्या जवळच, रस्त्याकाठी आहे. मालिकेतल्यापेक्षा बरेच लहान. काका फाटकाशी थांबले, खिडक्या मोजल्या, आणि म्हणाले की एवढ्यात दहा माणसे राहणार कशी.

पहिल्या पाच पर्वांच्या डीव्हीडी काकांकडे आहेत. सहावे माझ्याकडे. ते काकांनी अजून नेलेले नाही, तेव्हा कोणाला हवे असल्यास कोजागरीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो.