‘लागणे’ : गणना अर्थांची की रचनांची?

परभाषकास मराठी शिकविताना ज्या शब्दांपाशी अध्यापन अडते ते शब्द बहुधा कठीण नसतात. ते अतिपरिचित असतात. इंग्रजीतील ‘गेट’ या क्रियापदापाशी चिनी विद्यार्थ्याची जी अवस्था होते, तीच घाटकोपर-मुलुंडकडील गुजराती भाषक विद्यार्थ्याची ‘लागणे’ या मराठी क्रियापदापाशी होते. २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. तेव्हा हा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) यांत या क्रियापदाखाली अर्थांची दीर्घ मालिका आढळते. संग्रह म्हणून तिचे मोल मोठे आहे. मराठी वाचणाऱ्यास अडलेला अर्थ तीत सापडतो. परंतु मराठी बोलू पाहणाऱ्यास ती फारशी साह्यभूत होत नाही. अर्थांना ओळीने क्रमांक दिले की ते सर्व एकाच पातळीवरचे आहेत आणि एकट्या शब्दातच वसलेले आहेत, असा समज होतो. आमचा आक्षेप या समजावर आहे.

व्युत्पत्तीचा आधार घेऊन ही विविधता एका सूत्रात ओवता येते, हे खरे. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. ‘लग्न’ हा शब्द त्याच धातूचा आणि जुन्या मराठीतील ‘लागी’ हे शब्दयोगी अव्ययही त्याच कुळातले. पण व्युत्पत्तीने अर्थांचे नाते उमगते. वाक्य कसे घडवावे हे उमगत नाही.

‘मी मराठी शिकू लागलो’ आणि ‘मला मराठी शिकावी लागली’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती. हा भेद ‘लागणे’ने केलेला नाही. पहिल्यात कर्ता प्रथमेत असून मुख्य क्रियापदाचे रूप ‘शिकू’ असे आहे. दुसऱ्यात ‘मला’ अशी चतुर्थी असून ‘शिकावी’ हे रूप आले आहे. अर्थ ठरतो तो या जोडणीतून.

गुजरातीशी तुलना केली म्हणजे विद्यार्थी नेमका कोठे चुकतो तेही दिसते. ‘भूख लागी’ आणि ‘रडवा लाग्यो’ येथे दोन्ही भाषा बरोबरीने चालतात, म्हणून येथे चूक होत नाही. सक्तीसाठी मात्र गुजराती ‘मारे जवुं पडे’ म्हणते. म्हणून विद्यार्थी ‘मला जायला पडते’ असे लिहितो. उलट ‘मने लागे छे’ याच्या धर्तीवर तो ‘मला लागते की तो येईल’ म्हणतो. तेथे मराठीस ‘वाटते’ हवे. नात्याच्या बाबतीत मराठी ‘तो माझा मामा लागतो’ म्हणते, तर गुजराती ‘मामा थाय’. या चुका अज्ञानाच्या नव्हेत. एका भाषेची सुसंगत व्यवस्था दुसरीत नेल्याच्या आहेत. लाल शाईने त्या केवळ खोडणे हा विद्यार्थ्यावर अन्याय होय.

रचनेवर सर्व भार टाकता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ‘चर्चगेटला दोन नंबरवर बोरिवली लागली आहे’, ‘कुर्ल्यानंतर विद्याविहार लागते’ ही उपनगरी वाक्ये सोपी आहेत. परंतु ‘मला गाडी लागते’ म्हणणाऱ्यास प्रवासात मळमळते, की कामासाठी वाहनाची गरज भासते? येथे विभक्ती तीच, कर्ताही तोच. निर्णय प्रसंगच देतो. ‘डोळा लागणे’, ‘निकाल लागणे’, ‘नोकरी लागणे’ हे प्रयोग तर जोडशब्दांप्रमाणे अखंडच शिकविले पाहिजेत.

यावरून अध्येत्यांच्या कोशाची मांडणी त्रिविध असावी, असे सुचवावेसे वाटते : प्रथम सहायक क्रियापदाच्या रचना, त्यानंतर चतुर्थीयुक्त वाक्ये, अखेरीस नामाशी रूढ झालेले प्रयोग, आणि प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याच्या मातृभाषेतील प्रतिरूप. असा कोश आकाराने लहानच राहील. पण वीस अर्थ पाठ करूनही एक वाक्य बिनचूक न बोलता येणाऱ्या विद्यार्थ्यास तो अधिक उपयोगी पडेल.