विजय हजारे यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन : धावा आणि निकाल

सांगली येथे १९१५ मध्ये जन्मलेल्या विजय हजारे यांच्या कारकिर्दीची चिकित्सा बहुधा धावसंख्येपाशीच थांबते. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘द रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या होत्या. १९४८ मध्ये अॅडलेड येथे त्यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके केली. हे दोन्ही सामने त्यांचा संघ डावाने हरला. उलट १९५२ मध्ये मद्रास येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा शतके रॉय व उम्रीगर यांची होती आणि १२ बळी मंकड यांचे. एवढ्यावरून हजारे यांची शतके निष्फळ ठरविणे उतावळेपणाचे होईल. अॅडलेडच्या दुसऱ्या डावात संघाच्या धावा अवघ्या २७७ होत्या. निम्म्याहून अधिक भार त्यांनी एकट्याने वाहिला. ३० कसोटींतील ४७.६५ ही सरासरी त्याविषयी काहीच सांगत नाही.