‘काळी बुरशी’ : एका नांवाचें परीक्षण

२०२१ च्या उन्हाळ्यांत कोरोनापाठोपाठ म्यूकरमायकोसिस हा रोग बळावला. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेंत, मराठवाड्यांतून रोगी येत. कित्येकांचा डोळा वा जबडा गेला. वृत्तपत्रांनीं ह्या रोगाला ‘काळी बुरशी’ म्हटलें. नांव सुटसुटीत खरें, पण आमच्या मतें सदोष. बुरशी काळी नसते. रक्तवाहिन्या बुजून मेलेलें मांस काळें पडतें. रंगावरून नांव पडतांच पांढरी, पिवळी अशीं भावंडें निघालीं, आणि कांद्याच्या सालीवरील काळ्या पुटानें हा रोग जडतो अशी वार्ता घरोघर फिरली! कांद्यावरची बुरशी निराळी. अनावर मधुमेह व स्टेरॉइडांचा अतिरेक हीं खरीं कारणें मात्र नांवाआड राहिलीं.

ह्यापुढें आमच्या शेतकऱ्याचे शब्द पाहावे : तांबेरा, भुरी, काणी, मर. पिकावर जें दिसतें तेवढेंच ते सांगतात. अधिक जाणल्याचा आव आणीत नाहींत.

शेत व रुग्णालय ह्यांचा संबंध खरोखरच आहे, पण तो कांद्याच्या सालींत नव्हे. द्राक्षांच्या भुरीवर फवारावयाचीं कांहीं औषधें आणि रुग्णाला द्यावयाचीं कांहीं बुरशीनाशकें एकाच अॅझोल कुळांतलीं. फवाऱ्यांत तगलेली ‘अॅस्परजिलस फ्यूमिगेटस’ फुप्फुसांत शिरली कीं वैद्याच्या औषधासहि दाद देईनाशी होते. नेदरलंड्समध्यें व भारतांतहि असें आढळलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या १९ बुरश्यांच्या यादींत ती पहिल्याच गटांत आहे. तिचें मराठी नांव आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.